वीज आली की उघडणारं पान

सरोवरापलीकडे मराकाइबो शहरात एक वर्तमानपत्र निघायचं. त्यात एउदो बोस्कान यांनी उभं आयुष्य मुद्रितशोधक म्हणून काढलं. म्हणजे दुसऱ्यांनी चुका करायच्या आणि यांनी त्या काढायच्या. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा चुका करणारे सगळे देश सोडून पांगले. चुका काढणारा तेवढा आमच्या ला पुंतात घरी येऊन बसला, आणि गावाच्या मागे लागला.

बेकरीच्या पाटीवरच्या चुकीच्या स्वल्पविरामावर त्यांनी स्वतः खडूने फुली मारली. चर्चच्या फळ्यावर मयताचं नाव चुकलं होतं, ते फादर मागे वळायच्या आत दुरुस्त झालं. माझ्या पार्लरच्या काचेवर ‘केस, नखं आणि भुवया’ असं लिहिलेलं आहे. तिथे उभं राहून म्हणाले, “कोमाद्रे, वरून खाली यायचं तर केस, भुवया, नखं. मध्येच हाताकडे उडी कशाला?”

“कोंपाद्रे,” मी म्हटलं, “बायका भुवया करायला शेवटी बसतात. रडू येतं म्हणून.”

ते माझ्या थोरलीचे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता, म्हणून मी त्यांना कोंपाद्रे म्हणते आणि ते मला कोमाद्रे. या नात्यात भांडण करता येत नाही, टोमण्यांवर भागवावं लागतं.

तर या माणसाने दुसऱ्यांचं तपासता तपासता स्वतःचंही एक बाड लिहून ठेवलं होतं. ला पुंताचा इतिहास. चाचे, मिठागरं, नारळाच्या होड्या, आणि गाव नेमकं केव्हा वसलं यावर एक लांबलचक प्रकरण. त्याचा निष्कर्ष असा, की आपण सगळे पिढ्यानपिढ्या चुकीच्या दिवशी जत्रा भरवतोय. नगरपालिकेने हे पुस्तक छापायला नकार दिला. कागद नाही म्हणाले. त्याच महिन्यात जत्रेच्या पत्रिका मात्र छापून आल्या, जाड कागदावर.

त्यांची मुलगी नोरेलिस चिलेमध्ये कोन्सेप्सिओनला असते, कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, “पापा, छापतोस कशाला? इंटरनेटवर टाक. फुकट जागा मिळते.”

“फुकटच्या जागेत शेजारी वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात असते,” कोंपाद्रे म्हणाले. “माझं पुस्तक माझ्या घरातूनच निघेल.”

म्हणजे घरातच सर्व्हर हवा. नोरेलिसचा कॉलेजातला कॉम्प्युटर शिवणयंत्राखाली पडून होता, त्यावर इल्वाने, म्हणजे कोंपाद्रेंच्या बायकोने, कुंडी ठेवलेली. कुंडी खाली आली. आधी त्यावर सर्व्हरचा नेहमीचा मोठा प्रोग्राम बसवून पाहिला, तर ते यंत्र घरघर लागलेल्या म्हाताऱ्यासारखं धापा टाकत गप्प झालं. मग नोरेलिसने एक अगदी हलका सर्व्हर शोधून दिला.

“याचं काम एकच, पापा. कुणी दार वाजवलं की पान काढून हातात द्यायचं. बाकी काही विचारायचं नाही.”

“असा माणूस मला वर्तमानपत्रात कधी भेटला नाही,” कोंपाद्रे म्हणाले.

ती फोनवरून सांगायची आणि हे एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करायचे. इल्वा स्वयंपाकघरात मांदोका, म्हणजे मक्याच्या पिठाचे गोड वडे, तळत असायची. बसवणं सोपं गेलं. पण सर्व्हरने कोणत्या फोल्डरमधलं पान द्यायचं, कोणत्या दारावर बसायचं, हे एका फाइलीत लिहून द्यावं लागतं, आणि ती लिहिल्यावर सर्व्हर सुरूच होईना. अमुक ओळीत चूक आहे, एवढंच सांगायचा. कोंपाद्रे ती ओळ वाचून वाचून थकले. ती ओळ निर्दोष होती. अपमान असा झाला, की त्यांचं जेवण सुटलं.

“एक यंत्र मला सांगतंय चूक आहे, आणि कुठे ते सांगता येत नाही त्याला! याला मी आठवडाभरही कामावर ठेवला नसता.”

शेवटी त्यांनी सगळी फाइल जुन्या सवयीने कागदावर उतरवून काढली आणि तांबडी पेन्सिल हातात घेतली. कागदावर बघताक्षणी सापडलं. वरच्याच ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. चूक त्यांची स्वतःची. पेन्सिलीने त्या जागी गोल केला, आणि मग इल्वाचं लक्ष नाही असं बघून तो कागद फाडून टाकला. इल्वाचं लक्ष होतं, म्हणून तर मला कळलं.

सर्व्हर चालू झाला आणि खरी अडचण पुढे आली. आमच्याकडे वीज जाते. कधी जाते, कधी येते, हे विचारण्यात अर्थ नाही, पाहुण्यांसारखं आहे ते. वीज आली की बाकीचे लोक पाण्याची मोटर लावतात, फ्रीजमध्ये हात घालून मटण दाबून बघतात. कोंपाद्रे कॉम्प्युटरकडे धावायचे. तो चालू करायचा, पासवर्ड द्यायचा, हुकूम टाइप करायचा, तेव्हा सर्व्हर उठणार. एकदा घिसाड्याच्या बापाच्या अंत्यविधीत, फादर शेवटची प्रार्थना म्हणत असताना, चर्चचे पंखे फिरायला लागले. कोंपाद्रे आमेनची वाट न बघता बाकांमधून वाट काढत बाहेर पडले. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं.

त्यावर इल्वाने फोन हिसकावून घेतला आणि मुलीला म्हणाली, “याला काहीतरी उपाय सांग. नाहीतर हा माझ्याही प्रेताजवळून उठून जाईल.”

नोरेलिसने उपाय सांगितला तो दोन भागांत. करंट आला की यंत्राने आपणहून चालू व्हायचं, ती सोय यंत्राच्या पोटातच होती, फक्त लावायची राहिलेली. आणि यंत्र जागं होताना जी कामं आपोआप करतं, त्यांच्या रांगेत या सर्व्हरचंही नाव घालायचं. घातलं. तरी पान उघडेना. मग लक्षात आलं, की सर्व्हर नेटवर्कच्या आधीच उठतो, आजूबाजूला कुणी नाही असं बघतो आणि परत झोपतो.

“त्याला लिहून सांग, पापा, की आधी नेटवर्क येऊ दे, मग तू ऊठ. आणि पडलास तर पुन्हा ऊठ.”

“हे आमच्या मेव्हण्याला कुणी लिहून द्यायला हवं होतं,” कोंपाद्रे म्हणाले.

तपासून बघायचं तर वीज जायला हवी, आणि नेमकी त्या दिवशी ती जाईना. कोंपाद्रेंनी स्वतः प्लग उपटला, परत लावला, पुन्हा उपटला. इल्वा दारात कमरेवर हात ठेवून बघत होती.

“वीज असताना घरातल्या घरात घालवतोस? वीज कंपनीत अर्ज कर. हाताला धरून खुर्चीवर बसवतील.”

पण काम झालं होतं. प्लग लावला की यंत्र उठायचं, नेटवर्कची वाट बघायचं, आणि थोड्याच वेळात जगात कुठूनही पान उघडायचं: वर ‘ला पुंताचा इतिहास’, खाली लेखकाचं नाव, मग प्रस्तावना.

सुरुवातीला वाचक एकच होता, तो म्हणजे आमच्या पार्लरमध्ये येऊन माझ्या फोनवर पान उघडून बघणारे कोंपाद्रे स्वतः. मग हळूहळू भेटी वाढल्या. कोण कुठून आलं याची नोंद सर्व्हर ठेवतो. लीमा, सांतियागो, बोगोता, माद्रिद. कोंपाद्रे चालताना ताठ चालू लागले. डॉमिनो खेळताना सोंगटी टाकायच्या आधी क्षणभर हवेत धरून ठेवू लागले.

“लोक बाहेर गेले ना, की मुळांची ओढ लागते,” ते मला म्हणाले. “आणि एक गंमत बघा कोमाद्रे. वीज येऊन यंत्र सुरू झालं रे झालं, की झुंबड उडते. जणू दाराबाहेर थांबलेलेच असतात. वाचनात खंड पडला की माणूस असा व्याकूळ होतो.”

“प्रस्तावनाच वाचतात की पुढेही जातात?” मी विचारलं.

“सध्या प्रस्तावनाच. ती फार दाट झालीय. लोक मुरवत मुरवत वाचतायत.”

खरं काय ते मला याहाइरामुळे कळलं. याहाइरा कोंपाद्रेंच्या गल्लीत राहते, एकटीच. तिचा मुलगा एंदेर लीमात. माझं पार्लर चौकाजवळ, वेगळ्या लाइनवर. एके दिवशी दोन्हीकडची वीज गेली होती आणि याहाइरा डोक्याला रंग लावून माझ्या खुर्चीत पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. एंदेरचा फोन आला.

“ममा, घरी जा, मोटर लाव. वीज आली.”

“कुठे आली? इथे अंधार आहे. डोक्यावर रंग वाळून टोपी झालीय माझी.”

“तुझ्या गल्लीत आली. त्या सेन्योर एउदोंचं पान उघडलंय.”

फोन स्पीकरवर होता. मी मध्ये पडले. “एंदेर, बाळा, त्या पानात लिहिलंय काय?”

“काय माहीत, एग्दामावशी. उघडलं की मी बंद करतो.”

मग मी येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायला लागले. सगळ्यांच्या घरी हेच. भाऊ, मुली, नवरे, जे जे कोणी बाहेर गेले होते ते सगळे त्या पानावर टेकून होते. पान उघडलं तर वीज आहे, आईचा पंखा चालू आहे, आता फोन करायला हरकत नाही. नाही उघडलं तर थांबायचं. काहींनी तर फोनमध्ये अशी सोय केली होती, की पान उघडताच घंटी वाजावी. इतिहासाचं एक अक्षर कुणी वाचलं नव्हतं, आणि तरी ला पुंतात इतकं उपयोगी पुस्तक आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

कोंपाद्रेंना सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं नाही, पण सगळ्यांनी पाळलं. रागावून बंद केलं तर काय घ्या? उलट लोक त्यांना जपायला लागले. बेकरीवाल्याने त्यांच्यासमोर पाटीवरचा स्वल्पविराम पुसून दाखवला. फादरने रविवारी प्रवचनात ‘आपल्यातल्या अभ्यासू बंधूंचा’ उल्लेख केला. याहाइरा त्यांना बोर्रेगालेस नावाच्या चाच्याबद्दल प्रश्न विचारायची, आणि असा चाचा त्या पुस्तकात नव्हताच. कोंपाद्रेंनी तिला खूश होऊन समजावलं, की तुम्ही दुसऱ्या कुणाशी गल्लत करताय, पण प्रश्न चांगला आहे.

हे असंच चाललं असतं. पण नोरेलिसला बापाच्या वाचकांचं कौतुक वाटलं आणि तिने चिलेहून वाढदिवसाला बॅटरी आणि इन्व्हर्टर पाठवला. वीज गेली तरी यंत्र चालू राहणार, आता वाचनात खंड नाही. इंटरनेटवाल्याच्या मनोऱ्यावर सौर पत्रे आहेत, त्यामुळे तेही चालू. बंद पडतो तो मोबाईलचा मनोरा. वीज गेल्यावर जरा तग धरतो, मग तोही डोळे मिटतो.

आणि मग एक लांबलचक अंधार आला. सकाळी गेलेली वीज संध्याकाळ व्हायला आली तरी पत्ता नाही. मोबाईल मुके. एंदेर लीमात पान उघडतोय, पान झकास उघडतंय. म्हणजे वीज आहे. आणि आई फोन उचलत नाही. पुन्हा करतो, उचलत नाही. शेवटी त्याने शेजारच्या गावच्या अग्निशमन दलाला फोन लावला, की माझी आई एकटी असते, न्हाणीघरात पडली असणार.

लाल गाडी घंटा वाजवत गल्लीत आली. दाराची कडी तोडून टोप्या घातलेले चौघे आत घुसले, आणि मागच्या अंगणात याहाइरा परकरावर, पाय पाण्याच्या टबात सोडून, कलिंगड खात बसली होती. तिची किंकाळी मी चौकात ऐकली.

“बाई, तुम्ही पडला आहात,” पुढचा जवान म्हणाला.

“मी पडले नाही! पण तू आता पडशील!” आणि कलिंगडाची साल त्याच्या टोपीवर बसली.

त्या दिवशी गोंधळ फक्त तिच्याच घरी नाही झाला. एकीकडे शेजारच्या गावातून निरोप येऊन फादरला तेल घेऊन पाठवण्यात आलं, मरणाऱ्याला लावतात ते. दुसरीकडे माद्रिदहून एका सुनेने सासूवर आरोप केला, की वीज असून मुद्दाम फोन बंद ठेवता. हे शेवटचं खरंही असेल, पण पुरावा चुकीचा होता.

वीज आल्यावर सगळी गल्ली कोंपाद्रेंच्या ओसरीवर जमली. याहाइराच्या हातात तुटकी कडी.

“ती बॅटरी काढा,” ती म्हणाली.

कोंपाद्रे गोंधळले. “का? वाचकांची सोय आहे ती.”

“कसले वाचक?”

बोलली आणि तिने जीभ चावली. पण आता उपयोग नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग, नेहमीप्रमाणे, माझ्याकडे. मी सांगितलं. जेवढं सौम्यपणे सांगता येईल तेवढं, म्हणजे फारसं नाही. कोंपाद्रे ऐकून घेत होते. माझ्या वाक्यात मी एक शब्द चुकीचा वापरला, तो मला बोलताना कळला. त्यांनी दुरुस्त केला नाही. तेव्हा मला वाईट वाटलं.

ते आत गेले. ज्या ओळीमुळे सर्व्हर आपोआप उठायचा ती ओळ त्यांनी काढून टाकली आणि यंत्र बंद केलं. कुंडी परत वर ठेवली.

पुढचे काही दिवस ला पुंतात वीज एकदाही गेली नाही. असं कधी होत नाही. आणि नेमके त्याच दिवसांत बाहेरच्या जगाच्या हिशेबाने आम्ही मिट्ट काळोखात होतो. एंदेरला आई सांगायची, अरे वीज आहे, तर त्याला वाटायचं ती आपल्याला काळजी नको म्हणून खोटं बोलतेय. बोगोतातल्या कुणीतरी रेडिओला कळवलं. रेडिओवर बातमी झाली: ला पुंता अनेक दिवस अंधारात, नागरिक हवालदिल. आम्ही ती बातमी पंख्याखाली बसून ऐकली.

मग चमत्कार झाला. वर्षानुवर्षं बोलावून न आलेली वीज कंपनीची गाडी गावात आली. शिड्या, वायरी, माणसं. त्यांनी विचारलं, कुठे गेलीय? आम्ही म्हटलं, कुठेच नाही. मुकादम म्हणाला, वरून हुकूम आहे, दुरुस्त केल्याशिवाय परत यायचं नाही. तपासणीसाठी त्यांनी लाइन बंद केली. ती परत चालू व्हायला दुसरा दिवस उजाडला.

त्या अंधारात इल्वा ओसरीवर कोंपाद्रेंशेजारी येऊन बसली. पुढचं तिनेच मला सांगितलं.

“रुसलास ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण एकदा नोरेलिसला विचार.”

“काय विचारू?”

“पुस्तकाचं.”

फोन लागला तेव्हा त्यांनी मुलीला सरळ विचारलं, तिसरं प्रकरण कसं वाटलं?

मग नोरेलिस म्हणाली, “पापा, प्रस्तावनेच्या पुढे मी गेलेच नाही. प्रस्तावनासुद्धा... वरचं नाव दिसलं की मी बंद करते. इथे सकाळी उठल्यावर आधी तेच करते, चहाच्याही आधी. उघडलं की कळतं, ममाच्या डोक्यावर पंखा आहे, तू कॉम्प्युटरपाशी बसून कुणावर तरी चिडला आहेस. मग मी कामाला जाते. हे चार दिवस मला कामच सुचत नाहीये.”

फोन इल्वाच्या हातात देऊन कोंपाद्रेंनी कुंडी उचलून खाली ठेवली.

ती ओळ परत घातली. बॅटरी इल्वाच्या फ्रीजला दिली आणि यंत्र थेट भिंतीतल्या प्लगला जोडलं, म्हणजे गल्ली अंधारात गेली की तेही जाईल. मग पहिल्या पानावर काय ठेवायचं यावर ते कितीतरी दिवस झगडले. याहाइराचं म्हणणं, मोठ्या अक्षरात ‘वीज आहे’ लिहा.

“वीज नसेल तर ते वाक्य दिसणारच नाही, आणि असेल तर लिहायची गरज नाही,” कोंपाद्रे म्हणाले. “अनावश्यक वाक्य.”

शेवटी त्यांनी प्रस्तावना आत हलवली. पहिल्या पानावर फक्त गावाचं नाव राहिलं आणि खाली बारीक अक्षरात ‘पुढे वाचा’. पान आता पटकन उघडतं, असं एंदेर म्हणाला. खूप स्तुती करत होता. गेल्या वर्षी ‘पुढे वाचा’वर कुणीतरी खरंच बोट ठेवलं, माद्रिदहून. कोंपाद्रेंच्या मते ती बुद्धिमान स्त्री असावी. माझ्या मते तिचं बोट घसरलं असावं, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नोरेलिसला मुलगी झाली म्हणून या वर्षी ते कोन्सेप्सिओनला गेले. इल्वा नाही गेली. थंडी बाधते म्हणते. खरं म्हणजे तिला घरात एकटीने पंख्याखाली गप्प बसायचं होतं. पहिल्यांदाच.

काल पार्लरमध्ये त्यांचा फोन आला. मी एकीच्या केसांत हात घालून बसले होते.

“कोमाद्रे, पान उघडत नाहीये.”

“वीज गेलीय, कोंपाद्रे. सकाळपासून.”

“मोबाईल कसा लागला मग?”

“चौकातली आहे, तुमच्या गल्लीतली गेलीय.”

“इल्वा कुठे आहे?”

“इथेच. माझ्या पंख्याखाली बसून बायकांना तुमच्याबद्दल सांगतेय.”

“काय सांगतेय?”

“पान उघडलं की विचारा तिला,” मी म्हटलं आणि फोन इल्वाकडे दिला. तिने हात हलवून नको अशी खूण केली आणि मग, माझ्या हातातून घेऊन, दाराबाहेर सावलीत जाऊन बोलत बसली. बराच वेळ बोलत होती. माझ्या गिऱ्हाइकाचा रंग जरा जास्त चढला, पण तिला तो आवडला.